सहा चाकांची चार करताना : भटकंतीच्या ट्रकला मोठी एकेरी चाकं कशी बसवावीत

छोट्या ट्रकवर राहण्याची पेटी बांधून कोकणात फिरायचं ठरवलं की मागच्या जोडटायरचं काय करायचं हा प्रश्न लवकरच समोर येतो. जोडटायर हे डांबरावर माल वाहण्यासाठी आहेत आणि त्या कामाला ते उत्तम. पण वाडीत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, सड्यावर किंवा पावसाळ्यातल्या लाल मातीत त्यांची अडचण होते. जांभ्याचा धारदार तुकडा दोन टायरांच्या फटीत अडकला तर चालत्या गाडीत तो दोन्ही टायरांच्या आतल्या कडा कापत राहतो, आणि ते बाहेरून दिसतही नाही. चिखलात पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी बसत नाही. तिला आपली वेगळी, रुंद चाकोरी फोडावी लागते आणि इंजिनाची ताकद त्यातच जाते. मागे एकेरी चाक असेल तर ते पुढच्याच्या मागोमाग चालतं. शिवाय पाचही चाकं एकाच मापाची झाली की स्टेपनी कुठेही लागते.

तोटेही आहेत. जोडीतला एक टायर बसला तर दुसऱ्यावर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं, एकेरी चाकात ती सोय नाही. चार टायरांवर वाटलेला भार आता दोघांवर येतो. आणि उंचीचा फायदा वाटतो तेवढा नसतो, त्याचा हिशेब खाली आहे. हे मान्य असेल तरच पुढे चला. तुमची भटकंती मुख्यतः महामार्ग, घाट आणि हॉटेलांच्या आवारापर्यंत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की जोडटायरच ठेवावेत.

आधी वजनकाटा

टायरचं दुकान नंतर, आधी वजनकाटा. पेटी बांधून झालेली असेल तर डिझेल भरा, पाण्याची टाकी भरा, गॅस सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, भांडी, माणसं, सगळं चढवा आणि मग काट्यावर जा. पेटी अजून बांधायची असेल तर अंदाज काढताना हात सैल ठेवा. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, हे कागदावर सोपं वाटतं पण बहुतेक जण तेच धरायला विसरतात.

तीन वजनं घ्या : पूर्ण गाडीचं, फक्त पुढची चाकं काट्यावर असतानाचं आणि फक्त मागची चाकं असतानाचं. काटेवाल्याला आधी सांगितलं तर तो थांबतो. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन सपाट हवी, चढावर घेतलेलं एक्सलचं वजन खोटं येतं. जमल्यास डावी-उजवी बाजूही वेगळी तोला. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या एकाच बाजूला असतील तर एका चाकावर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त भार येतो आणि टायर निवडायचा असतो तो त्या जड चाकासाठी.

आता आकडे बघू. टाटा ४०७ च्या वर्गातल्या अनेक गाड्यांना ७.५० आर १६ टायर येतो. १६ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या ताकदीचं मान) अशा टायरवर बहुधा १२२/१२१ असा भारांक असतो. पहिला आकडा एकेरी वापरासाठी, दुसरा जोडीसाठी. १२२ म्हणजे १५०० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. मागे चार टायर असताना क्षमता ५८०० किलो होती. तेच टायर एकेरी लावले तर ती ३००० वर येते. मागच्या एक्सलवर ३००० किलो भार असेल तर आकडा बरोब्बर जुळतो, पण राखीव काही उरत नाही आणि कोकणातल्या खड्ड्यांत राखीव लागतोच.

एक माप वर गेलो तर ८.२५ आर १६. १६ प्लायचा भारांक साधारण १२८/१२६, म्हणजे एकेरीला १८०० किलो. दोन टायर ३६०० किलो, मागचा भार ३००० असेल तर सुमारे १७ टक्के राखीव. एवढा तरी हवाच. भार साडेतीन टनांवर जात असेल तर ८.२५ सुद्धा काठावर येतो. अशा वेळी पेटी हलकी करा किंवा १९.५ अथवा २० इंची डिस्कचा (टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकाचा) विचार करा, पण त्यात खर्च आणि बदल दोन्ही वाढतात. टायरच्या बाजूवर भारांक कोरलेला असतो. दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर न जाता तो स्वतः वाचा. त्याच्या पुढचं अक्षर वेगमर्यादेचं : जे म्हणजे ताशी १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२० किलोमीटर.

टायर कुठला घ्यावा

परदेशातल्या भटकंती-ट्रकांवर २५५/१०० आर १६ किंवा ३६५/८० आर २० अशी मापं दिसतात. तिथे ती सहज मिळतात, आपल्याकडे नाही. जून २०२० पासून ट्रकच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत गेलेली आहे, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय खूण लागते. समजा कसेबसे पाच मिळवले, तरी राजापूरच्या पुढे एखादा फुटल्यावर सहावा कुठून आणणार? म्हणून माझा आग्रह असा : महामार्ग ६६ वरच्या टायरवाल्याकडे मिळेल तेच माप निवडा. छोट्या ट्रकला ८.२५ आर १६, मोठ्याला १०.०० आर २० किंवा २९५/९० आर २०.

उंच आणि अरुंद टायर कोकणाला जास्त मानवतो. वाडीतला रस्ता दोन्ही बाजूंच्या गडग्यांमध्ये कसाबसा एका गाडीचा असतो, तिथे रुंदी वाढवून काही साधत नाही. नक्षीचं म्हणाल तर मोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर दिसायला दणकट असतो, पण ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या जांभ्यावर तो लवकर घसरतो. रस्ता आणि कच्चा दोन्हींसाठीची मिश्र नक्षी घ्या. टायर कधी बनला ते बाजूवरच्या चार आकड्यांत कळतं : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. लिलावात निघालेले जुने टायर स्वस्त मिळतात, नक्षीही शाबूत असते, पण रबर कडक झालेलं असतं. एकेरी चाकावर ते लावू नका.

उंची आणि गिअरचा हिशेब

७.५० आर १६ चा व्यास साधारण ८०५ मिलिमीटर, ८.२५ आर १६ चा साधारण ८६०. फरक ५५. पण एक्सल जमिनीपासून वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम २७ मिलिमीटर. दगड चुकवायला तेवढ्याने फार फरक पडत नाही. खरा फायदा एकाच चाकोरीचा आणि हवा कमी करता येण्याचा आहे.

व्यास सात टक्क्यांनी वाढला की काटा ६० दाखवत असताना गाडी खरी ६४ वर असते. ओढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटते. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. करूळ किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने चढताना मात्र जिथे दुसरा गिअर पुरत होता तिथे पहिला टाकावा लागतो. उतरताना इंजिनाचा अडसर तेवढाच कमी होतो आणि ब्रेकचा जोरही जमिनीवर तेवढाच कमी पोचतो. सात-आठ टक्क्यांपर्यंत मूळ क्राउन-पिनियनवर (एक्सलमधल्या शेवटच्या गिअर-जोडीवर) भागतं. त्याच्या वर जायचं असेल तर क्राउन-पिनियनचं प्रमाण बदलण्याचा खर्च आधीच धरा, नाहीतर क्लच प्लेट लवकर जाईल. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो.

पैसे देण्याआधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात प्रत्येक एक्सलच्या टायरांची संख्या, वर्णन आणि माप यांचा रकाना असतो, त्यामुळे मागचे चार टायर दोन झाले तर तो बदल नोंदीचाच आहे. दोन टायरांच्या एक्सलला नियमाने मिळणारा सुरक्षित भारही चार टायरांच्या एक्सलपेक्षा कमी असतो.

म्हणून पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, जिथे तुमची गाडी नोंदलेली असेल त्या आरटीओत आधी लेखी विचारा. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पेटी त्यानुसार मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडून करून घेत असाल तर चाकांचा विषय त्याच्याच कागदांत घालून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. पासिंगला गाडी परत जोडटायरवर न्यायची आणि मग बदलायची हा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. अपघात झाला तर दावा तिथेच अडकेल.

डिस्क आणि ऑफसेट : इथे घाई नको

अनेकांना वाटतं की मागचं बाहेरचं चाक काढलं की काम झालं. तसं नाही, आणि संपूर्ण कामातला महत्त्वाचा भाग हाच आहे.

जोडटायरच्या डिस्कचा मधला भाग खूप बाहेर आलेला असतो. मागे आतलं चाक फुगीर बाजू बाहेर करून बसतं, बाहेरचं उलटं बसतं आणि दोघांचे मध्यभाग एकमेकांना चिकटतात. त्यामुळे भार हबच्या (एक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडाच्या रेषेतच पडतो आणि बेअरिंगची रचना त्याच हिशेबाने केलेली असते. नुसतं आतलं चाक ठेवलं तर भार आत सरकतो आणि मागची चाकोरी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, पुढच्यापेक्षा अरुंद होऊन गाडी डोलते. नुसतं बाहेरचं ठेवलं तर भार बाहेर जातो आणि बाहेरचं बेअरिंग त्याची किंमत मोजतं.

ऑफसेट म्हणजे डिस्कच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. तो मोजायचा असा : डिस्क फुगीर बाजू खाली करून सपाट जमिनीवर ठेवा. वरच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून खाली, हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत टेपने अंतर घ्या. समजा ते २२० मिलिमीटर आलं. आता डिस्कची कडेपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदी मोजा. साडेसहा इंची डिस्कला कडांसकट ती १९० च्या आसपास भरते. तिचा निम्मा, ९५, वजा करा. उरले १२५, तो तुमचा ऑफसेट.

मग पुढच्या दोन हबच्या तोंडांमधलं अंतर मोजा आणि मागच्या दोन हबचंही. समजा पुढे १८३० आणि मागे १४८० आलं. पुढची चाकोरी म्हणजे १८३० वजा दोनदा १२५, अर्थात १५८०. मागे शून्य ऑफसेटची डिस्क लावली तर चाकोरी १४८० ची होईल, म्हणजे दर बाजूला ५० मिलिमीटर आत. दोन्ही चाकोऱ्या तंतोतंत जुळवायच्या तर मागचं चाक हबच्या तोंडापासून ५० मिलिमीटर बाहेर न्यावं लागेल. माझ्या मते पूर्ण जुळवण्याच्या मागे लागू नये. २५ मिलिमीटरच बाहेर न्या. टायर सव्वादोनशेच्या वर रुंद असतो, तेवढ्या फरकाने मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतच राहतं आणि बेअरिंगवरचा जास्तीचा ताणही मर्यादेत राहतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गाडीचे तुम्हीच मोजा.

पुढच्याला एक आणि मागच्याला दुसरा ऑफसेट आला तर स्टेपनीचा प्रश्न उभा राहतो. काही गाड्यांत एकच डिस्क पुढे सरळ आणि मागे उलटी बसवून दोन्हीकडे चालते, पण ती दोन्ही तोंडांनी बसण्यासाठी बनवलेली असेल तरच. नट बसायच्या भोकांची बैठक, मग ती गोल असो, शंकूसारखी असो वा सपाट, नटाशी जुळली पाहिजे.

डिस्क विकत घ्या, त्या चाकाच्या भाराला मंजूर असलेली, क्षमता कोरलेली. जुनी डिस्क कापून मधला भाग सरकवून वेल्डिंग करून देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. घाटाच्या वळणावर ते वेल्डिंग तडकलं तर पुढचं सांगायला नको.

आणि स्टड, म्हणजे हबवरचे नट बसायचे बोल्ट. मागचे स्टड दोन डिस्कच्या जाडीसाठी लांब असतात. एकच डिस्क लावल्यावर नटाचे आटे डिस्क दाबली जाण्याआधीच संपू शकतात. पान्याला घट्ट लागतं, नट टाइट झाल्यासारखा वाटतो, पण डिस्क सैल असते. तपासायची रीत : नट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि तो डिस्कला टेकल्यावरही पुढे, हबच्या बाजूला, मोकळे आटे उरतात का ते बघा. उरत नसतील तर योग्य लांबीचे स्टड बदलून घ्या.

जागा बघणं

एक चाक आधी हवा भरून तात्पुरतं लावा. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा), पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकची नळी आणि मडगार्ड यांपासून टायर किती लांब राहतो ते बघा. घासत असेल तर स्टॉपर बोल्ट पुढे घ्या. वळण थोडं मोठं होईल, पण नळी कापली जाणार नाही. नंतर एक चाक उंचवट्यावर चढवून पाटे पूर्ण दबल्यावर पेटीखाली टायर लागतो का ते पाहा. भरलेल्या गाडीतच पाहा, रिकाम्या गाडीत हे दिसत नाही.

कोकणात चिरे हाताशी असतात म्हणून जॅकखाली किंवा एक्सलखाली चिरा लावायची सवय दिसते. जांभा भाराखाली अचानक फुटतो. लाकडी ओंडके वापरा किंवा लोखंडी स्टँड लावा, आणि चाक काढलं असताना गाडीखाली जाऊ नका.

बसवणं

जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकण) लावा. जॅक लावण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी बघून घ्या. ज्या डिस्कवर चिरलेली लॉक रिंग असते, तिची हवा चाक गाडीवरून उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडा. नवीन टायरमध्ये हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब नळी वापरा आणि बाजूला उभे राहा. निसटलेली रिंग माणूस मारते. पंक्चरवाला हसला तरी पिंजऱ्याशिवाय भरू देऊ नका.

हब आणि डिस्क यांची टेकणारी तोंडं तारेच्या ब्रशने धातूपर्यंत साफ करा. खाऱ्या हवेने तिथे गंजाचे पापुद्रे साठलेले असतात आणि त्यांच्यावर डिस्क बसली की पुढे ते चुरून नट सैल होतात. तिथे ग्रीस नको, रंगाचा जाड थरही नको. नट हाताने बसवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळा आणि शेवटचा टप्पा टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. टॉमीवर पाइप घालून उड्या मारणं हे माप नव्हे.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क बघा, आणि पुढच्या काही दिवसांत आणखी एकदा. नटाखालून गंजाची ताजी तांबूस रेघ बाहेरच्या दिशेने उमटलेली दिसली, तर तो नट हलतो आहे असं समजा. किनाऱ्यावर गंज सगळीकडेच असतो, पण एकाच नटापासून निघालेली रेघ वेगळी ओळखू येते.

शेवटी टो-इन (पुढच्या चाकांची पुढून किंचित आत वळलेली ठेवण) तपासून घ्या. स्पीडोमीटर किती चुकतो ते मोबाइलच्या जीपीएसवर बघून डॅशवर चिकटवा.

हवा

टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यात तुमच्या चाकाचं प्रत्यक्ष वजन शोधा आणि तिथून सुरुवात करा. साइडवॉलवरचा सर्वांत मोठा आकडा पूर्ण भारासाठी असतो. सकाळी गार टायर मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. ८० पीएसआयचा ९२ च्या वर गेला तर हवा कमी आहे किंवा भार जास्त आहे. गरम टायरची हवा मात्र काढू नका.

चिखलात किंवा भुसभुशीत मातीत हवा निम्म्यापर्यंत उतरवता येते, पण वेग २० च्या आत ठेवा आणि डांबराला लागण्याआधी परत भरा. ट्यूबचा टायर फार कमी हवेवर डिस्कवरच फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. टायर आणि डिस्क यांवरून एक सलग खडूची रेघ ओढून ठेवा. ती तुटलेली दिसली की हवा वाढवा.

पुळणीवर मात्र गाडी घालू नका, टायर कितीही चांगला असो. वेळास, आंजर्ले, केळशीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. शिवाय भरतीच्या रेषेखाली रुतलेला पाच टनी ट्रक बाहेर काढायला गावातले दोन ट्रॅक्टरही पुरत नाहीत.

स्टेपनी आणि जेटी

भरलेलं ८.२५ चं चाक एकट्याने छातीपर्यंत उचलणं कठीण, १०.०० आर २० चं तर शंभर किलोच्या पुढे जातं. तेव्हा स्टेपनीला छोटी चेन पुली किंवा विंच लावा. ती पेटीच्या मागे फार खाली लटकवू नका. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, तवसाळ–जयगड किंवा दिघी–आगरदांडा या जंगलजेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) ओहोटीला उतार तीव्र होतो आणि मागे खाली आलेली स्टेपनी धक्क्याला घासते. तिकीट काढताना गाडीचं वजन आधीच सांगा, काट्याची पावती सोबत असेल तर वाद होत नाही.

दुसरी ट्यूब, फ्लॅप, दोन टायर लिव्हर, व्हॉल्व्ह पिना आणि हवेची लांब नळी गाडीत ठेवा. खारं पाणी उडालेल्या दिवशी संध्याकाळी चाकं, नट आणि ब्रेक ड्रम गोड्या पाण्याने धुवा, आणि नटांच्या उघड्या आट्यांवर तेलाचा हात फिरवा.